आडव्या कोड्यांत आपण नेमकं कुठं फसतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे कुणी लिहिलंय आणि कशासाठी?

मी बीड जिल्ह्यातल्या एका शाळेवर शिक्षक आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधीचा अर्धा तास आमच्याकडं कोड्यांचा असतो. लेकरं ती कोडी घरी नेतात, रात्री जेवताना घरच्यांना घालतात आणि दुसऱ्या दिवशी पालक मला गाठतात. कुणी लग्नाच्या पंगतीत, कुणी स्टँडवर, कुणी थेट फोन करून. सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकानं तेच. म्हणून एकदाचं लिहून काढलं.

इथं फक्त आडवी कोडी घेतलीत. म्हणजे प्रश्न सोपा, उत्तर जिभेवर तयार, आणि तेच चुकीचं.

'गृहीत धरलं' म्हणता, म्हणजे काय धरलं?

दोन बाप आणि दोन लेक जेवायला बसले. टोपल्यात तीनच भाकरी. तरी प्रत्येकाच्या वाट्याला अख्खी भाकरी आली. कसं?

माणसं चार होती असं कोड्यात कुठंच नाही. 'दोन आणि दोन' कानावर पडलं की आपण बेरीज करून मोकळे होतो. बसले होते आजा, बाप आणि नातू. मधला एकाचा लेक आहे, दुसऱ्याचा बाप. कोड्यानं न सांगितलेली जी गोष्ट आपण पदरची घालतो, ती गृहीत धरलेली.

याच कोड्यात आणखी एक गृहीत आहे, ते मला स्वतःला बरीच वर्षं दिसलं नव्हतं. 'लेक' म्हणजे मुलगाच असं मी धरून चाललो होतो. सहावीतल्या एका पोरीनं विचारलं, "सर, तिसरी नात आसली तर चालंल का?" चालतं. कोड्याचं काहीच बिघडत नाही.

झाडावर दहा पाखरं, गोफणीनं एक पाडलं, राहिली किती? खरं उत्तर काय धरायचं?

सगळ्यात जास्त भांडणं या कोड्यावर होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वर्गात विचारलं की पहिला ओरडा 'नऊ' असा येतो. मग ज्यांना कोडं आधीच ठाऊक असतं ती हसतात आणि सांगतात, "एकबी नाही, बाकीची उडून गेली." इथं कोडं संपतं, असं मीही धरून होतो. एका जानेवारीत तिसऱ्या बाकावरचा एक पोरगा उठला. घरची ज्वारी, शाळा सुटली की मचाणावर राखणीला बसायचं काम त्याच्याकडं. म्हणाला, "सर, ज्वारी हुरड्यात आली आसंल तर वापस येतेत. धोंडा सुटला की उडतेत, एक गिरकी घेतेत अन् त्याच झाडावर येऊन बसतेत. दिसभर हाच धंदा आस्तोय."

वर्ग गप्प. मीही गप्प.

'नऊ' म्हणणाऱ्यानं पाखरं म्हणजे पाटीवरच्या टिकल्या धरल्या: एक पुसली, बाकीच्या जागेवर. 'शून्य' म्हणणाऱ्यानं धरलं की उडालेलं पाखरू परत येत नाही. आणि त्या पोरानं सगळ्यांच्या नाकाखालचं गृहीत उचलून दाखवलं. 'राहिली' म्हणजे कधी राहिली? धोंडा लागला त्या क्षणाला, की चहा पिऊन परत बघितल्यावर? कोड्यात वेळ सांगितलेलीच नाही. शिवाय पाडलेलं पाखरू खाली पडलं की फांदीतच अडकलं, हाही एक फाटा आहे, पण तो वकिली झाला.

तर माझं उत्तर असं: कोडं घालणाराचं 'बरोबर' उत्तरसुद्धा कशावर तरी टेकलेलं असतं. फसणारा एक गोष्ट गृहीत धरतो, फसवणारा दुसरी. फरक एवढाच की फसवणाराला उत्तर आधी माहीत असतं.

म्हणजे फसणारा बावळट नसतो?

नसतो. फसतो तो समोरच्यावर विश्वास ठेवणारा माणूस.

स्टँडवर तुम्ही विचारता, "गेवराईची गाडी लागली का?" टपरीवाला म्हणतो, "आत्ताच धुरळा उडाला." प्रश्नाचं उत्तर शब्दशः आलेलंच नाही, तरी गाडी गेली हे तुम्हाला कळतं. माणूस उगाच धुरळ्याची गोष्ट काढणार नाही, तो आपल्या प्रश्नालाच धरून बोलतोय, असं आपण मानतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७ साली हार्वर्डच्या व्याख्यानांत हेच मांडलं होतं: बोलणारा लागेल तेवढं, खरं आणि मुद्द्याचं सांगतोय असं ऐकणारा धरून चालतो, त्याशिवाय संभाषण चालूच शकत नाही. आडवं कोडं नेमका हा करार मोडतं. कामाची गोष्ट दडवतं आणि बिनकामाची पुढं करतं.

प्रत्येक वाक्यातलं गृहीत तपासत बसलो, तर बाजारातून पावशेर मिरच्यासुद्धा आणता येणार नाहीत.

एसटीच्या ड्रायव्हरचं वय विचारणारं कोडं आमच्या पोरानं सोडवलं! बरोबर आहे का?

आधी कोडं. लातूरहून बीडला एसटी निघाली, आत २४ माणसं. अंबाजोगाईला ६ उतरली, ९ चढली. केजला ४ उतरली. ड्रायव्हरचं वय किती?

जुन्या तऱ्हेत सुरुवातीला 'समजा, तुम्ही ड्रायव्हर आहात' असं हळूच म्हणून ठेवतात आणि शेवटी तुमचंच वय उत्तर निघतं. ते गमतीचं. मी ते वाक्य काढून टाकतो, म्हणजे कोड्याला उत्तरच उरत नाही. तरी अर्धा वर्ग '२३' लिहितो. एकाला विचारलं, "कामून रे?" तो म्हणाला, "तुमी इचारलं म्हणजी उत्तर आसंलच की."

हे पोरगं कोड्याला फसलेलं नाही, शाळेला फसलेलं आहे. प्रश्न आला म्हणजे उत्तर असतं, आणि दिलेले सगळे आकडे वापरायचे असतात, ही दोन गृहीतं आम्हीच मास्तरांनी त्याच्यात पेरली. प्रश्नाची जातही जुनी आहे. फ्रेंच कादंबरीकार फ्लॉबेर यांनी १८४० च्या दशकात बहिणीला लिहिलेल्या पत्रात जहाजाचं मालाबिलासकट लांबलचक वर्णन करून कप्तानाचं वय विचारलं होतं. १९८० च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोब्ल शहरात प्राथमिकच्या मुलांना विचारलं की जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, कप्तान किती वर्षांचा? बहुतेक मुलांनी बेरीज-वजाबाकी करून वय काढून दिलं. चीनमधल्या सिचुआन प्रांतात २०१८ साली हाच प्रश्न पाचवीच्या परीक्षेत आला, तेव्हा पालकांत मोठी चर्चा झाली.

आमच्याकडं एका पोरानं मात्र लिहिलं, 'वीसच्या पुढं.' प्रवासी वाहनाचं लायसन विसाच्या आत मिळत नाही, हे त्याला काळीपिवळी चालवणाऱ्या मामामुळं माहीत होतं. तुमच्या पोरानं २३ काढलं असेल तर शाबासकी द्या आणि 'कशावरून?' एवढं विचारा.

अपघात आणि डॉक्टरचं कोडं मराठीत नीट बसत नाही असं का वाटतं?

कारण ते खरंच बसत नाही, मुद्दाम बसवावं लागतं. माझं हे आवडतं कोडं आहे.

गोष्ट अशी की बाप आणि मुलगा मोटारसायकलवरून जाताना अपघात होतो, बाप जागीच जातो. मुलाला ऑपरेशनच्या टेबलावर घेतात. डॉक्टर येतात, मुलाकडं बघतात आणि म्हणतात, "मी याचं ऑपरेशन करू शकत नाही, हा माझा मुलगा आहे." हे कसं?

डॉक्टर त्याची आई आहे. ऐकणारानं 'डॉक्टर म्हणजे पुरुष' हे धरलेलं असतं.

आता मोबाईलवर फिरणारं मराठी रूप बघा. त्यात बहुतेक वेळा 'डॉक्टर म्हणाला' किंवा 'डॉक्टर म्हणाले' असतं. तिथंच कोडं मेलं. मराठी क्रियापद लिंग बोलून दाखवतं. बाई असती तर 'म्हणाली' किंवा मानानं 'म्हणाल्या' झालं असतं. 'म्हणाले' लिहून शेवटी 'ती आई होती' सांगणं ही सरळ लबाडी आहे. ऐकणारानं काही गृहीत धरलेलंच नव्हतं, तुम्ही त्याला पुरुष म्हणूनच सांगितलं होतं. आणि 'म्हणाल्या' लिहिलं तर फुग्यातली हवाच गेली. इंग्रजीत ही अडचण येत नाही, तिथं क्रियापदाला बाई-पुरुष कळत नाही.

वाट एकच आहे: गोष्ट साध्या वर्तमानकाळात आणि आदरानं सांगायची. 'डॉक्टर येतात, बघतात, म्हणतात.' 'ते म्हणतात' आणि 'त्या म्हणतात', क्रियापद एकच. पुढं 'मी करू शकत नाही' हेही बाई-पुरुषाला सारखंच. पण 'मी करतो' किंवा 'मी करते' आलं की पुन्हा उघडं पडलं. कोडं सांगताना मला दर वेळी जीभ आवरून धरावी लागते. गोष्ट सांगायची आपली सवय भूतकाळाची, आणि वाक्य 'म्हणाले'कडं घसरत जातं.

उत्तरं ऐकण्यासारखी येतात. सावत्र बाप, मानलेला बाप, गेलेला तो चुलता होता, असं काय काय. आनंदीबाई जोशींना १८८६ मध्येच डॉक्टरकीची पदवी मिळाली, हे याच लेकरांना पाठ असतं, तरी कोड्यात ते आठवत नाही. ज्यांच्या गावच्या आरोग्य केंद्रात मॅडम आहेत, ती लेकरं मात्र कोडं संपायच्या आत उत्तर देतात. त्यांना यात कोडं काय आहे हेच कळत नाही.

हुशार, पाठांतर पक्कं असलेली मुलंसुद्धा कशी फसतात?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एखाद्याला विचारून बघा: "अजिंठ्याचं कैलास लेणं कोणत्या राजवटीत कोरलं गेलं?" तो ताडकन सांगेल, "राष्ट्रकूट, कृष्ण पहिला." एकदम बरोबर, फक्त कैलास लेणं अजिंठ्याला नाही, वेरूळला आहे, सोळा क्रमांकाचं. त्यालाही ते माहीत असतं. दोन्हीकडं सहलीला जाऊन आलेला असतो.

माहिती कमी असल्यानं फसणं वेगळं आणि माहिती असून फसणं वेगळं. १९८१ साली एरिक्सन आणि मॅटसन या संशोधकांनी लोकांना विचारलं होतं, मोझेसनं आपल्या नावेत प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले? लोक म्हणाले, दोन. बायबलमधल्या महापुराच्या गोष्टीतली होडी नोहाची आहे, मोझेसची नाही, हे ठाऊक असूनही. शब्द जवळच्या घरातला असला की मन तो तपासत नाही. 'दिल्लीचं कैलास लेणं' म्हटलं असतं तर लगेच पकडलं असतं. अजिंठा आणि वेरूळ आपण एका दमात म्हणतो, म्हणून निसटतं.

एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड?

सारखंच, हे आता बालवाडीतलं पोरही सांगतं. पण एका आजोबांनी मला सुनावलं, "कापूस कुणाच्या काट्यावर मोजला ते आधी सांगा." ओलाव्याच्या नावाखाली ज्याच्या मालाचं वजन कापलं गेलं, कडता गेला, असा माणूस होता तो, त्याच्या पुढं काय बोलणार.

गंमत म्हणजे काटा प्रामाणिक असला तरी केसभर फरक निघतो. हवा प्रत्येक वस्तूला थोडं वर उचलून धरते, आणि कापसाचे तंतू लोखंडापेक्षा जास्त जागा घेतात. दोन्ही काट्यावर बरोबर एक किलो भरले, तर कापसात पदार्थ अर्धा-पाऊण ग्रॅम जास्त असतो. म्हणजे 'सारखंच' म्हणणारानंही हवा नाही असं गृहीत धरलं.

नऊ ठिपक्यांचं कोडं सुटतच नाही. चौकटीबाहेर जायचं हे कळलं तरी!

तुमचा दोष नाही. तीन ओळींत तीन-तीन ठिपके. पेन न उचलता चार सरळ रेषांत सगळे जोडायचे. अमेरिकन कोडेकार सॅम लॉइड यांच्या १९१४ साली निघालेल्या संग्रहात हे आहे. सगळे सांगतात की चौकट तुम्ही मनानं घातली, ती काढली की सुटलं. पण १९८१ मध्ये वाइसबर्ग आणि अल्बा या संशोधकांनी लोकांना 'बाहेर जा' असं उघड सांगूनही बघितलं, तरी बहुतेकांना जमलं नाही. गृहीत सापडलं म्हणजे उत्तर सापडलं, हेही गृहीतच की!

रेषा अशा: वरच्या डाव्या ठिपक्यापासून उजवीकडं, तिसऱ्या ठिपक्याच्याही पुढं एक घर. तिथून तिरपं खाली-डावीकडं, मधल्या ओळीचा शेवटचा आणि खालच्या ओळीचा मधला ठिपका घेत, डाव्या उभ्या ओळीच्या खाली एक घर. तिथून सरळ वर पहिल्या ठिपक्यापर्यंत. मग तिरपं खाली, मधला घेत शेवटचा.

ठिपक्यांच्या रांगोळीत हात बसलेल्या बायांना हे तरी सोपं जाईल असं मला वाटलं होतं. उलट झालं. रांगोळीत रेघ ठिपक्यावरच वळवायची सवय, ठिपका नसलेल्या जागी वळणं त्यांच्या हाताला पटेना.

आज्या घालायच्या ती जुनी कोडी यातच मोडतात का?

नाही. 'काळा घोडा, पांढरी स्वारी, एक उतरला, दुसऱ्याची बारी' हे ऐकताना तिथं घोडा नाही हे सगळ्यांना माहीत असतं. तवा आणि भाकरी शोधायची असते. 'बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे' म्हटल्यावर कुणी काठी आणायला पळत नाही. तिथं रूपक आहे आणि ते उघड आहे. पैठणच्या एकनाथांच्या कोड्यासारख्या भारुडात तर पाण्यालाच तहान लागते आणि वळचणीचं पाणी आढ्याला जातं. ऐकणारा सुरुवातीपासून सावध. आडव्या कोड्यात ऐकणाराला सावध होऊ द्यायचं नसतं.

विहिरीतला बेडूक ३० फुटांवरून दिवसा ३ चढतो, रात्री २ घसरतो. ३० दिवस ना?

२८. सत्तावीस दिवसांनी तो २७ फुटांवर असतो, अठ्ठाविसाव्या दिवशी तीन चढून काठावर. बाहेर आलेला बेडूक रात्री घसरत नाही.

सतरा शेळ्यांच्या वाटणीत शेजाऱ्याची शेळी परत कशी मिळते?

बापानं सांगितलं, थोरल्याला निम्म्या, मधल्याला तिसरा हिस्सा, धाकट्याला नववा. शेळ्या १७. शेजारी आपली एक सोडतो, १८ होतात. ९, ६ आणि २ वाटल्या, झाल्या १७, आपली घेऊन तो घरी.

निम्मा, तिसरा आणि नववा हिस्सा मिळून पूर्ण एक होतो असं आपण धरतो. मिळवून बघा, अठराव्या हिश्श्यानं कमी भरतो. बापानं सगळं वाटलंच नव्हतं. शेजाऱ्याच्या शेळीनं ती उणीव फक्त झाकली आणि प्रत्येकाला हक्कापेक्षा किंचित जास्तच मिळालं. एका पालकांचा प्रश्न याहून व्यवहारी होता: शेजाऱ्याची शेळी गाभण असली आणि वाटणीच्या दिवशीच व्याली तर?

कपबशी ११० रुपयांना, कप बशीपेक्षा १०० नं महाग. हेही आडवं कोडं का?

नाही, इथं काहीच दडवलेलं नाही. बशी ५ ची, कप १०५ चा. '१०' म्हणणारानं फक्त घाई केली. शेन फ्रेडरिक या संशोधकांनी २००५ साली असेच तीन प्रश्न घेऊन एक छोटी चाचणी केली होती, तिच्यात कपबशीसारखाच बॅट-बॉलच्या किमतीचा हिशेब होता. घाई आणि गृहीत यांची गल्लत करू नका.

कोडं कुठं संपतं आणि लबाडी कुठं सुरू होते?

माझी कसोटी अशी. उत्तर सांगून झाल्यावर कोडं पुन्हा शब्दन् शब्द म्हणून दाखवा. एकही शब्द न बदलता उत्तर बसलं, तर कोडं. 'नाही, म्हणजे मला असं म्हणायचं होतं' सुरू झालं, तर लबाडी.

'तीसला अर्ध्यानं भागा, दहा मिळवा' हे कसोटीला उतरतं. उत्तर ७०, कारण अर्ध्यानं भागणं म्हणजे दुप्पट करणं. 'कोणत्या महिन्यात २८ दिवस असतात?' हेही उतरतं, सगळ्याच महिन्यांत असतात. 'रात्री बाराला पाऊस चालू आहे, ७२ तासांनी ऊन पडेल का?' हेही उतरतं, तेव्हाही रात्रीचे बाराच वाजलेले असणार. हे कोडं मी जूनमध्ये घातलं तेव्हा मागून आवाज आला, "सर, आदी पाऊस तर पडू द्या."

आमचं लेकरू आता परीक्षेतही 'असं पण होऊ शकतं' म्हणतं. मार्क जातील ना?

ही काळजी खरी आहे. मी मुलांना सांगतो, परीक्षेत तपासणाराच्या मनातलं उत्तर लिहा, आणि लई खाज असेल तर काय धरलं ते शेजारी लिहा. एवढं पुरतं.

मचाणावरच्या त्या पोराचा सहामाहीचा गणिताचा पेपर माझ्याकडंच तपासायला होता. 'झाडावर १२ पोपट, ५ उडाले, किती राहिले?' त्यानं उत्तर लिहिलं होतं ७, आणि खाली बारीक अक्षरात, 'वापस नाही आले तर.' मी पूर्ण गुण दिले. त्या ओळीखाली सवयीनं तांबडी रेघ ओढून झाली होती, ती मात्र खोडता आली नाही.